नऊ मिनिटांत अप्पांचं काळीज

माझे वडील, म्हणजे अप्पा, एमआरआयच्या बोगद्यातून पळाले तेव्हा त्यांच्यामागं वेटिंगमधली निम्मी माणसं पळाली. हे आधीच सांगून टाकते, कारण नांदेडात आमच्या सेंटरवर ही गोष्ट अजून सांगतात आणि दर वेळी तीत चार माणसं वाढतात. खरं म्हणजे त्या सकाळी तिथं फार तर वीसेक जण होते. पण निम्मे आमच्याकडचे, औसा-निलंग्याकडचे. हिरवा गाऊन घातलेला एक म्हातारा आतून ओरडत आला, "भाईर निगा! लवकर भाईर निगा!" आणि ही सगळी मंडळी रिपोर्ट, चपला, जेवणाचे डबे जागेवर टाकून दाराबाहेर. गुडघ्याचा फोटो काढायला आलेले एक काका, मघाशी दोघांच्या खांद्यावर हात टाकून कण्हत आत आलेले, ते सगळ्यांच्या पुढं.

दुसऱ्या मुलखातली माणसं असती तर "काय झालं हो?" म्हणून विचारत बसली असती. आमच्याकडं कुणी विचारत नाही. भिंती थरथरल्या की आधी उघड्यावर जायचं, मग विचारायचं. नांदेडची मंडळी मात्र बाकावर बसूनच राहिली. आमच्या सेंटरवर काम करणाऱ्या खाला, जुन्या नांदेडातल्या, हातात चहाचा कप घेऊन शेवटी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "क्या हुआ बेटा, आग लगी क्या?"

आग कसली. मशीन फक्त चालू होतं. ते ठोकायला लागलं की पलंग अंगाखाली हादरतो. पाठीला गुदगुल्या झाल्यासारखं वाटतं, असं मी प्रत्येक पेशंटला सांगते. अप्पांनाही सांगितलं होतं. कप्पाळ माझं! त्यांना काय वाटणार हे मला कळायला नको होतं? मी त्यांचीच लेक, आणि तेव्हा एकोणीस वर्षं मशीनसमोर बसत होते.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा मी दहा वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. उकाडा म्हणून मी आणि आई अंगणात झोपलो होतो. अप्पा विसर्जनातून दमून आले आणि आत जाऊन आडवे झाले. पहाटे घर खाली आलं. आमच्याकडची घरं म्हणजे हातभर जाडीच्या दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. ते सगळं अप्पांच्या अंगावर आलं. आईनं आणि दोघा-तिघांनी हातांनी माती उकरली. दुपारी कधीतरी त्यांचा पाय दिसला. छातीवर लाकूड आडवं पडलं होतं आणि त्यामुळंच ते जगले, असं नंतर सगळे म्हणायचे. त्या लाकडाखाली ते सात-आठ तास कसे श्वास घेत होते, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आता अशा माणसाला मी अरुंद बोगद्यात घातलं, छातीवर फोटो टिपणारी कॉइलची पाटी बांधली आणि वरून पलंग हलवला. वर म्हणते, अप्पा, अजिबात हलू नका हं. शाबास!

पण हौस म्हणून नव्हतं घातलं. त्या वर्षी अप्पांच्या छातीत दुखायला लागलं होतं. चढ चढला की दुखायचं, थांबले की राहायचं. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, अँजिओग्राफी करून टाकू. पण अप्पांना साखरेचा आजार जुना, किडन्या आधीच थकलेल्या. किडनीचे डॉक्टर म्हणाले, त्या तपासणीत जे औषध नसेत सोडतात, ते ह्यांना झेपेलच असं नाही, डायलिसिसवर जायची पाळी येऊ शकते. एकानं सांगितलं कराच, दुसऱ्यानं सांगितलं टाळा. आम्ही मधोमध. शेवटी आमच्या सेंटरचे रेडिओलॉजिस्ट डॉक्टर म्हणाले, "औषध न सोडता एमआरआयवर हृदयाच्या नळ्या बघता येतात. डावीकडची मुळाची नळी मोकळी दिसली, तर गोळ्यांवर भागेल. बंद दिसली, तर मग किडनीचा धोका पत्करावाच लागेल." एवढ्या एका नळीवर सगळं येऊन ठेपलं होतं.

आणि तिचा फोटो काढायचा म्हणजे महाकठीण काम. नळी काडीएवढी, ती हृदयावर, हृदय धडधडणारं, त्याच्या बाजूला छाती वर-खाली होणारी. जुन्या पद्धतीत मशीन प्रत्येक ठोक्याला एक छोटा तुकडा टिपायचं आणि श्वास ठरावीक जागी असेल तेवढेच तुकडे ठेवायचं. बाकी फेकून द्यायचं. शांत माणसाला पंचवीस-तीस मिनिटं. घाबरलेल्या माणसाचा श्वास वेडावाकडा, त्याचे तुकडे जास्त फेकले जातात, वेळ आणखी वाढतो, तो आणखी घाबरतो. अप्पा चौथ्या मिनिटाला पळाले.

बाहेर लिंबाखाली उभे राहून ते थरथरत होते. गाऊनच्या नाड्या सुटलेल्या. मी जवळ गेले तर म्हणाले, "बाई, मी मरतो, चालंल. पर त्यात न्हाई जायचं मला." ज्या माणसासमोर अख्खा वर्ग चिडीचूप बसायचा, त्याला असं बघून मी चिडले. मशीनवर चिडले की स्वतःवर, कुणास ठाऊक, पण बोलले अप्पांनाच. "मग मरा," असं म्हणाले. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी गपचूप आत गेले आणि त्यांचे कपडे घेऊन आले.

वर्गाचं सांगायला हवं. भूकंपानंतर आम्ही लातूरला आलो. अप्पा गावात शाळामास्तर होते, लातुरात त्यांनी गणिताची शिकवणी सुरू केली. स्लॅबखाली बसायचे नाहीत, म्हणून पत्र्याची शेड, तीन बाजू उघड्या. पोरं त्यांना 'पत्र्याचे सर' म्हणायची. तेव्हा लातुरात शिकवण्यांचं वारं सुटलं होतं. गल्लोगल्ली क्लास, भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, चाकूरहून, अहमदपूरहून पहाटेच्या एसटीनं येणारी पोरं. बाकीचे क्लास युक्त्या शिकवायचे. मिनिटाला एक प्रश्न, पर्याय बघा, उलटं जा, उत्तर काढा. अप्पा लाल व्हायचे. "पायरी गाळली की गणित मेलं!" त्यांच्या वहीत उत्तर बरोबर असून पायरी नसली तर भोपळा.

मला डॉक्टर व्हायचं होतं. त्यांच्याच शेडमध्ये पहिल्या रांगेत बसायचे. प्रवेश परीक्षेत मी फिजिक्सच्या प्रत्येक गणिताची प्रत्येक पायरी कच्च्या कागदावर मांडली. अगदी सुंदर अक्षरात. घंटा झाली तेव्हा माझे बरेच प्रश्न कोरे होते. थोडक्यात नंबर गेला. अप्पा म्हणाले, "तुझा सराव कमी पडला." मी म्हणाले, "तुमच्या पायऱ्यांनी मारलं मला." मग मी टेक्निशियनचा कोर्स केला, नांदेडला नोकरी धरली, लग्न केलं, सणावाराला लातूरला जात राहिले. पण त्या पेपरबद्दल आम्ही दोघं पुन्हा एक शब्द बोललो नाही. अशी अढी बसली की बसलीच.

पळापळीनंतर दोन महिन्यांनी आमच्या मशीनला नवं सॉफ्टवेअर आलं. शिकवायला आलेला माणूस सांगत होता आणि माझ्या अंगावर काटा येत होता. मशीन आता श्वास कुठंही असो, तुकडा घेतं, आणि छाती किती सरकली होती ते मोजून तो तुकडा जागेवर आणून बसवतं. शिवाय सगळे तुकडे घेतच नाही. थोडेच घेतं, विखरून घेतं, आणि मधलं गाळलेलं हिशेबानं भरून काढतं. अर्ध्या तासाचं काम नऊ-दहा मिनिटांत. मी मनात म्हटलं, बोंबला! म्हणजे पायऱ्या गाळणारं मशीन. आता हे त्या माणसाला कोण सांगणार?

मीच सांगितलं. फोनवर अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे निम्मं न बगताच उत्तर देतं?"

"हाव."

"मग ते उत्तर न्हाई, अंदाज हाय. अंदाजासाठी मी त्या बिळात जात न्हाई."

भीती होतीच, पण ती ते बोलून दाखवत नव्हते, गणिताआड लपत होते. मला ते कळत होतं. आणि तरी त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. न घेतलेली माहिती भरून काढायची म्हणजे भलतंच काही भरलं गेलं तर? बंद नळी मोकळी दिसली तर? मला स्वतःलाच त्याचं उत्तर हवं होतं. डॉक्टरांना विचारून एका सुट्टीच्या दुपारी मी स्वतः मशीनमध्ये झोपले. सोबतच्या मुलीनं आधी जुन्या पद्धतीनं फोटो काढला, सत्तावीस मिनिटं. मग नव्या पद्धतीनं, नऊ मिनिटं. पहिल्या खेपेला मला दोनदा वाटलं की आता ओरडावं. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की मी रोज लोकांना काय सांगते, "थोडाच वेळ हं काका." कसला थोडाच वेळ!

दोन्ही फोटो मोठे छापून घेतले आणि लातूरला गेले. कुणाचे ते सांगितलं नाही. "एक पेशंट आहे, दोन्ही पद्धतींनी काढलाय. तपासा," एवढंच म्हणाले आणि कागद पुढ्यात टाकले.

अप्पांनी चष्मा पुसला. कंपासपेटी काढली. मग दुपारभर तो माणूस शेडमध्ये त्या दोन कागदांवर वाकून बसला. शेडला खिडकीची काच नव्हती म्हणून दोन्ही कागद उन्हात एकावर एक धरले. कर्कटकानं नळीची रुंदी एका कागदावर मोजायची, दुसऱ्यावर नेऊन ठेवायची. मुळाशी, पहिल्या फांदीशी, वळणावर. वहीत टिपणं. आईनं दोनदा चहा नेला, दोन्ही वेळा गार झाला. मी कडेला बसून होते, आणि निकालाच्या दिवशीसुद्धा छातीत इतकं धडधडलं नव्हतं.

शेवटी म्हणाले, "टोकाशी जरा पुसट हाय. मुळाशी फरक न्हाई." मग पुन्हा मोजलं. "न्हाई. मुळाशी काहीच फरक न्हाई. कसं काय जमतं गं त्याला?"

मी म्हटलं, "अप्पा, कोऱ्या कागदावर काहीही असू शकतं. पण हे काळीज आहे. नळी आहे, ती मधेच तुटून दुसरीकडं उगवत नाही. शेजारचं ठाऊक असलं की मधलं काय असणार, ते ठरलेलं असतं. मशीन मनचं घालत नाही. आणि जेवढं खरंच मोजलंय, त्याच्याशी ताडून बघतं. जुळलं नाही तर पुन्हा करतं. शंभर वेळा करतं."

"ताडून बगतं?"

"हाव. प्रत्येक वेळी."

ह्यावर त्यांनी वहीतली टिपणं पुन्हा एकदा चाळली. मग फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "नळ्या चांगल्या हायत. तरणा माणूस दिसतो. कोण हाय?"

"मी."

त्यांनी कर्कटक खाली ठेवलं. कागदावरचा हातही उचलला, जसा काही दुखेल मला. "तुजं काळीज हाय हे?" म्हणाले. "आन मी टोकं टोचून ऱ्हायलो त्याला दुपारधरनं." मग माझ्याकडं न बघता, शेडच्या पत्र्याकडं बघत म्हणाले, "तो पेपर माज्यामुळं गेला बाई. तुज्या सरावात काही कमी नव्हतं. मला तवाच ठाऊक होतं. बोलायचं धाडस झालं न्हाई."

इतकी वर्षं मी ह्या वाक्यासाठी किती उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक झणझणीत. ती सगळी तशीच ठेवून मी म्हणाले, "मंगळवारी सकाळी नऊला या. उपाशी यायची गरज नाही." ते म्हणाले, "येतो."

मंगळवारी आले. आई बरोबर. मी आईला म्हटलं, तू आत थांब, त्यांचा पाय धरून. बोगद्यात डोकं आणि छाती जाते, पाय बाहेरच असतात. आई लगेच तयार झाली, पण चुंबकाच्या खोलीत अंगावर धातू चालत नाही. तिनं पदराच्या, निऱ्यांच्या पिना काढल्या, जोडवी काढली. मंगळसूत्राशी हात गेला आणि थांबला.

"हे न्हाई काढायचं," म्हणाली. "आजच्या दिवशी तर न्हाईच. ते आत काळजाचा फोटो काढायला निगालेत आन मी गळा मोकळा करू?"

मी समजावलं, रागावले, हात जोडले. ती ढिम्म. बाहेर पेशंट खोळंबलेले, आत अप्पांचा धीर मिनिटामिनिटाला कमी होत चाललेला. तेवढ्यात खाला कुठं गेल्या कळलं नाही, समोरच्या किराणा दुकानातून हळकुंड आणि दोऱ्याचं रीळ घेऊन आल्या. "हमारे मोहल्ले की औरतें ऑपरेशन के टाइम यहीच बांधती," म्हणाल्या. दोरा हळदीनं पिवळा केला, त्यात हळकुंड ओवलं. आईनं ते आधी गळ्यात बांधलं, मग मंगळसूत्र काढून खालांच्या मुठीत दिलं. एक क्षणही गळा मोकळा राहू दिला नाही. मग ताठ मानेनं आत गेली आणि अप्पांचा उजवा पाय घोट्याशी घट्ट धरला.

मी काचेमागं बसले. माझ्या शेजारी डॉक्टर. बटण दाबण्याआधी मी माइकवर म्हणाले, "अप्पा, आता पलंग हादरेल. ते मी करतेय. दुसरं कुणी नाही."

मशीन ठोकायला लागलं. पहिल्या मिनिटाला त्यांच्या हृदयाचे ठोके एकशे दहावर गेले. पायाची बोटं आखडली. आईनं दुसरा हातही पायावर ठेवला आणि तोंडानं काहीतरी बोलत राहिली. त्या गोंगाटात तिचं तिलाही ऐकू येत नसणार. तिसऱ्या मिनिटाला नव्वद. मी माइकवर आकडे सांगत होते, "तीन झाली... चार झाली..." श्वास वेडावाकडा येत होता, मोठा, छोटा, मधेच अडकलेला. जुन्या पद्धतीत मशीननं त्यातले निम्मे फेकले असते. हे एकेक घेत होतं. येऊ दे, कसाही येऊ दे, चालतंय! सातव्या मिनिटाला त्यांचा हात उठायला लागला, रबरी फुगा दाबायला, म्हणजे मला बाहेर काढा. हात तसाच हवेत राहिला आणि मग हळूहळू पोटावर परत आला. आठ. नऊ.

मशीन गप्प झालं. मी आत जाऊन पलंग बाहेर घेतला, छातीवरची पाटी सोडली. आई म्हणाली, "घ्या. तवा दुपार लागली होती. आज कपातला च्या गार व्हायच्या आत भाईर काढलं तुमाला." अप्पांच्या कपाळावर घाम होता, आणि ते चक्क हसले.

पण फोटो नीट आलाय हे बघेपर्यंत पेशंटला उतरवता येत नाही. मी काचेमागं परतले. ते पलंगावर उठून बसले, आई शेजारी उभी, दोघंही काचेतून आमच्याकडं बघत. मशीन हिशेब करत होतं, आणि पडद्यावर हृदय उमटायला लागलं. डॉक्टर एकेक पान सरकवत होते. महाधमनी आली. तिच्या कुशीतून निघणारी डावी नळी आली. मी अशा नळ्या कितीतरी पाहिल्या आहेत, मला कळायला वेळ लागत नाही. पण टेक्निशियननं निकाल बोलायचा नसतो, तो आमचा पक्का नियम. मी ओठ दातांखाली दाबून बसले. डॉक्टरांनी फोटो फिरवला, मोठा केला, पुन्हा फिरवला. मग खुर्चीला टेकले. "मुळाची नळी स्वच्छ मोकळी आहे. खालच्या एका फांदीत अडथळा वाटतोय, तेवढ्यावर त्यांचे डॉक्टर गोळ्या देतील, माझं आधीच बोलणं झालंय त्यांच्याशी. नसेत औषध सोडायचं कारण नाही." माझ्याकडं वळून म्हणाले, "सांगा की. तुमचेच वडील आहेत."

मी मान वर केली. काचेपलीकडून अप्पा माझ्या तोंडाकडं रोखून बघत होते. आवाज येत नव्हता, नुसते ओठ हलले. पास का नापास?

मी माइकचं बटण दाबलं. "पास, अप्पा! पास!"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि खांदे गदगदायला लागले. ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा न रडलेला माणूस. आईनं त्यांचं डोकं छातीशी धरलं. इकडं मलाही आवरेना. बोट मात्र बटणावरच राहिलं होतं, त्यामुळं माझं रडणं आत दोघांना मोठ्यानं ऐकू जात होतं, आणि मी ते थांबवलं नाही.